मामाच्या कॅसेटी: अर्धी पदं, जोडलेले अभंग आणि 'मूळ कुणाचं' याच्या नोंदी

४ मे २०२५, रविवार

आज सगळ्या मोजल्या. ४१ कॅसेटी, बुटांच्या दोन खोक्यांत, प्रत्येकीवर मामाच्या निळ्या शाईतलं कार्ड. "रामनवमी, १९८७, रात्र दुसरी." "कोजागिरी, आपल्याच गच्चीवर." "गणपती, पाचवा दिवस, पाऊस." मामा बँकेत होता, सांगलीत आणि मिरजेत जिथे गाणं असेल तिथे खांद्याला टेपरेकॉर्डर लावून जायचा आणि सगळ्यात पुढे मांडी घालून बसायचा. गाणारे बहुतेक आसपासचेच, रेडिओवर नाव येईल असे दोन-चारच. म्हणून तर हे नीट करायचंय, कारण या लोकांचं दुसरं रेकॉर्डिंग कुठेच नाहीये.

शीट उघडली, चार रकाने केले: क्रमांक, गाणं, गायक, वेळ. वाटलं पुरे.

पहिल्या कॅसेटच्या पहिल्याच आयटमला शीट अडली. बाईंनी सुरुवात 'पंचतुंड नररुंडमालधर'ने केली, शाकुंतल नाटकाची नांदी (नाटकाच्या आरंभीचं मंगलगीत), म्हणजे १८८० पासून मराठी माणसाच्या कानात असलेली. पण नांदी पूर्ण नाही, सुरुवातीच्या ओळी, ५० सेकंद, आणि तंबोऱ्यावर तसाच षड्ज धरून सरळ ख्यालाला हात. आता 'गाणं' रकान्यात 'पंचतुंड' लिहिलं तर उद्या कुणी शोधेल त्याला वाटणार पूर्ण नांदी आहे. आणि नाही लिहिलं तर नांदी गायलीच नाही असं होतं, जे त्याहून वाईट. तात्पुरतं लिहिलं, 'पंचतुंड (थोडं)'. हे 'थोडं' मला अजिबात पटलेलं नाही.

५ मे

डेक दुरुस्त होऊन आला, हेड साफ केलं, बेल्ट नवीन. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ ठेवतेय, नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पाऊण तासाची, तिला साधारण पावणेआठशे एमबी लागतात. चालेल, हार्डडिस्क घेतलीय.

एक नियम आजच ठरवला. एक बाजू म्हणजे एक फाइल, मधे काहीही कापायचं नाही. गाण्यांच्या वेळा शीटमध्ये लिहायच्या, ऑडिओला हात लावायचा नाही. हे का ते पुढच्या नोंदीत.

७ मे

मामा असतानाच, साधारण १२ वर्षांपूर्वी, त्याने यातल्या सहा कॅसेटी एका दुकानात सीडी करायला दिल्या होत्या. त्या सीडी आज ऐकल्या आणि खरंच वाईट वाटलं. त्यांनी गाणी वेगवेगळी केली, टाळ्या काढल्या, बोलणं काढलं, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी आवाज हळूहळू कमी करत नेलाय, फिल्मी गाण्यासारखा. सीडी क्रमांक २ वर एक नाट्यपद अडीच मिनिटांत संपतं. मी नोंद केली की बाईंनी फक्त ध्रुवपद गायलं. मग मूळ कॅसेट लावली तर त्याच पदाचा अंतरा (ध्रुवपदापुढचा भाग) आहे, मधे कुणीतरी खोकतं, गायिका थांबतात, पाणी पितात, श्रोत्यांतून कुणी काहीतरी म्हणतं, सगळे हसतात, आणि मग अंतरा सुरू होतो. दुकानातल्या माणसाला ती शांतता म्हणजे गाणं संपलं असं वाटलं. अंतरा त्याने पुढच्या ट्रॅकच्या सुरुवातीला ढकललाय आणि त्याच्यावर पुढच्या गाण्याचं नाव!

म्हणजे गायिकेने पूर्ण गायलेलं पद माझ्या यादीत अर्धं झालं असतं, आणि पुढच्या भजनाच्या नावाखाली एक अनोळखी अंतरा पडला असता.

यातून आज एक गोष्ट पक्की झाली आणि माझ्या मते या सगळ्या कामात हीच महत्त्वाची आहे: नुसतं 'अर्धं' लिहून भागत नाही, अर्धं कुणामुळे आहे ते लिहायचं. गायकाने तेवढंच गायलं असेल, तर तो त्या मैफलीचा भाग आहे, तो त्याचा निर्णय आहे. टेप संपली असेल, तर तो आपला तोटा आहे, गायकाचा नाही. नंतर कुणी कापलं असेल तर मूळ शोधायचं. आणि कळत नसेल तर कळत नाही असं स्वच्छ लिहायचं.

नवीन रकाना: 'कारण'. चार खुणा. गा, टे, का, न. गायक, टेप, कापलं, नक्की नाही.

११ मे, रविवार

दिवसभर बसले, कॅसेट २ ते ६ झाल्या. 'थोडं'चं काहीतरी करायलाच हवं होतं, तर आता 'कोणता भाग' असा रकाना आहे आणि त्यात शब्दांत लिहायचं, ध्रुवपद, अंतरा, नुसता मुखडा, कडवं १-३-५. टक्के वगैरे नाहीत. पदाचे ६० टक्के गायले म्हणजे काय, कुणाला काय कळणार त्यातून.

पण अर्धं म्हणायचं तर पूर्ण किती ते आधी माहीत पाहिजे ना, आणि इथे प्रत्येक प्रकाराचं पूर्ण वेगळं आहे हे आज हळूहळू लक्षात आलं. नाट्यपदाला नाटकाचं छापील पुस्तक आहे, ते समोर ठेवलं की झालं. ख्यालाचं तसं नाही, विलंबित ख्यालात कित्येक जण अस्थाईच, म्हणजे बंदिशीचा पहिला भागच, भरतात, अंतरा एकदा सांगून जातात किंवा घेतच नाहीत, आणि तरी ते गाणं भरगच्च पूर्ण असतं. तिथे 'अर्धा ख्याल' असं लिहिणं म्हणजे आपल्याला गाणं कळलं नाही असं होईल. म्हणून ख्यालाला 'अंतरा घेतला / नाही' एवढीच नोंद, अपूर्णचा शिक्का नाही.

आणि भावगीतं-नाट्यपदांना लोक रेकॉर्ड प्रमाण धरतात, त्यातही गोम आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं बसायची. रंगमंचावर वन्समोर घेत घेत रंगलेलं पद तेवढ्यात आवळून बसवायचं म्हणजे काहीतरी जाणारच. आपल्या आजीच्या पिढीने तेच रेकॉर्डवरून पाठ केलं, आणि आता मैफलीत कुणी लांबवून गायलं की आपल्याला वाटतं हे जादाचं आहे. रेकॉर्ड प्रमाण नाही धरायची, ठरलं.

१४ मे

बाणाची खूण घेतली. अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाचा बँड होता, त्यांनी श्रोत्यांना टेप करायला मोकळीक दिली होती, १९८४ मध्ये तर टेप करणाऱ्यांना तिकिटात वेगळी बसायची जागाच काढून दिली. त्या लोकांनी कॅसेटी एकमेकांना पाठवताना यादी लिहायची एक पद्धत रूढ केली, एक गाणं न थांबता दुसऱ्यात गेलं की दोघांच्या मधे बाण. एकच गाणं अर्धवट सोडून, मधे दुसरं वाजवून, परत पहिल्यावर आले तरी तीच खूण, म्हणजे गाण्याचं नाव यादीत दोनदा येतं आणि वाचणाऱ्याला कळतं की हे एकाच गाण्याचे दोन तुकडे आहेत. हे वाचून मला मामाच आठवला, कारण त्याच्या कार्डांवर पण काही ठिकाणी दोन अभंगांच्या मधे अशीच रेघ ओढलेली आहे. मला आतापर्यंत वाटायचं पेन घसरलं असेल. कॅसेट ८ ऐकली, जिथे रेघ आहे तिथे बुवा खरंच श्वासही न घेता दुसऱ्या अभंगात गेलेत.

आपल्याकडे मधे गजर येतो ही एक जादाची गोष्ट. अभंग संपता संपता 'विठ्ठल विठ्ठल' सुरू, ठेका दुप्पट, टाळ चढतात, आणि त्या गजरातूनच पुढच्या अभंगाचं तोंड बाहेर येतं. गजराला स्वतंत्र क्रमांक द्यायचा का? दोन दिवस डोक्यात होतं. आज ठरवलं, जो गजर दोन अभंग जोडतो त्याला क्रमांक नाही, बाणाशेजारी 'गजर' एवढा शब्द आणि वेळ. पण जो गजर एकटाच आठ-दहा मिनिटं चालतो आणि लोक उठून नाचायला लागतात (कॅसेट ८, बाजू ब, पावलांचा आवाज स्पष्ट येतो), त्याला पूर्ण क्रमांक.

१८ मे, रविवार

वन्समोर. मानापमानमधलं पद आहे, प्रेक्षकांनी दोनदा मागितलं. पहिल्यांदा पूर्ण. दुसऱ्यांदा नुसता अंतरा आणि ताना. तिसऱ्यांदा फक्त मुखडा आणि वेगळीच तिहाई (तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा). तीन नोंदी की एक? एक केली तर तिसऱ्या वेळची तिहाई कुठे गेली कुणाला कळणार नाही. तीन केल्या तर आकडे काढताना असं दिसेल की हे पद त्या रात्री तीनदा कार्यक्रमात होतं. शेवटी ४, ४-अ, ४-आ असं केलं, मुख्य क्रमांक एकच. कारणाच्या रकान्यात 'गा', आणि शेरा 'वन्समोर १', 'वन्समोर २'. हे मला आवडलंय.

शिवाय एक बारीकसं. कॅसेट ११ च्या सुरुवातीला कार्यक्रमाच्या आधी पेटीवाले 'नाथ हा माझा'चा मुखडा वाजवून स्वर जुळवतात, वीस सेकंद, मागे सतरंजी अंथरण्याचा आवाज. हे कार्यक्रमात नाही. पण त्या माणसाची पेटी एवढी गोड आहे की मला ते सोडवत नाही. नोंद केली: 'कार्यक्रमाबाहेर', क्रमांक शून्य.

२१ मे

आता कव्हरचा प्रश्न. तिकडच्या याद्यांमध्ये दुसऱ्याचं गाणं गायलं की त्यापुढे 'कव्हर' आणि मूळ कलाकाराचं नाव. सरळ आहे. इथे लावून बघितलं आणि पहिल्याच पानावर अडकले.

'नाथ हा माझा' घ्या. शब्द खाडिलकरांचे, चाल भास्करबुवा बखल्यांची, यमन, नाटक स्वयंवर, साल १९१६, रंगमंचावर रुक्मिणी झालेले बालगंधर्व. कॅसेटवर गातायत मिरजेच्या एक शिक्षिका. मूळ कुणाचं? गाणाऱ्याला विचाराल तर म्हणेल बालगंधर्वांचं. चाल बखलेबुवांची आहे हे म्हणणारे कमी, आणि शब्दांचा धनी तर निम्म्या वेळा विसरलेला. एका 'मूळ कलाकार' रकान्यात यातलं कुणालाही बसवलं तरी बाकीच्या दोघांवर अन्याय.

म्हणून कव्हर हा शब्दच काढून टाकला. त्याऐवजी चार रकाने: शब्द, चाल, पहिला आवाज, आजचा आवाज. 'पहिला आवाज' म्हणजे जिथून ते लोकांच्या कानात बसलं तो.

आणि यात एक गंमत होते की जे गाणं गायकाचं स्वतःचंच आहे तेही आपोआप नीट बसतं. 'इंद्रायणी काठी' बघा, शब्द गदिमांचे, चाल पुलंची, सिनेमा गुळाचा गणपती, १९५३, पहिला आवाज भीमसेन जोशी. पुढे भीमसेनजींनी ते मैफलीत गायलं तर पहिला आवाज आणि आजचा आवाज एकच. दुसऱ्या कुणी गायलं तर वेगळे. वेगळा शिक्का कशाला पाहिजे.

२२ मे

कालच्या नोंदीत भर. मामाच्या कार्डावर 'इंद्रायणी काठी'पुढे 'अभंग' लिहिलंय, 'कानडा राजा पंढरीचा'पुढे पण 'अभंग', आणि 'कैवल्याच्या चांदण्याला'पुढे चक्क एका संताचं नाव. पहिली दोन गदिमांची, तिसरं अशोकजी परांजप्यांचं. मामाची चूक म्हणवत नाही, अख्खा महाराष्ट्र हेच करतो, शब्द इतके मुरलेत की चारशे वर्षांपूर्वीचे वाटतात. कार्ड जसं आहे तसं फोटो काढून ठेवलं, शीटमध्ये बरोबर नाव, आणि 'कार्डावर काय लिहिलंय' असा वेगळा रकाना. मामाचं लिहिलेलं पुसायचं नाही.

उलटंही आहे. 'जोहार मायबाप जोहार' लोक बालगंधर्वांचं नाट्यपद म्हणून मागतात, कान्होपात्रा नाटकातलं, पण शब्द चोखोबांचे. म्हणजे अभंग नाटकात गेला, नाटकातून मैफलीत आला, मैफलीतून परत भजनी मंडळात. कॅसेट ६ वर मैफलीतला आहे आणि कॅसेट १४ वर भजनी मंडळातला, आणि दोन्ही ऐकल्यावर मी दोन्हीला एकच गाणं म्हणायला कचरते.

२५ मे, रविवार

तेच आज सोडवत होते: एकच शब्द, दोन चाली, तर गाणी किती?

मानापमान १९११ साली आलं तेव्हा चाली गोविंदराव टेंब्यांच्या. पुढे मास्टर दीनानाथांनी आपल्या कंपनीत ते केलं तेव्हा काही पदांना स्वतःच्या चाली लावल्या. 'प्रेम सेवा शरण' मूळ भीमपलासातलं, दीनानाथांनी मुलतानीत नेलं. शब्द तेच! आता कॅसेट १९ वर एका तरुण गायकाने आधी भीमपलासातलं तोंड घेतलं, दोन ओळी, थांबला, काहीतरी बोलला (ऐकू येत नाही, कुणाच्या तरी हातातली वाटी वाजतेय), आणि मग मुलतानीत तेच पद पूर्ण गायला. शब्दांकडे बघितलं तर पदाची सुरुवात दोनदा झाली. चालीकडे बघितलं तर एका चालीचा तुकडा आणि दुसऱ्या चालीचं पूर्ण पद. दुसरं खरं आहे, कारण तो मुद्दाम फरक दाखवत होता.

'कट्यार काळजात घुसली'मध्ये तर एकाच नाटकात 'घेई छंद मकरंद'ला अभिषेकीबुवांनी दोन चाली दिल्यात, दोन घराण्यांसाठी. तिथे चालीचा रकाना नसेल तर नाटकाचा मुद्दाच यादीतून निघून जातो.

म्युझिकब्रेन्झ या इंटरनेटवरच्या संगीत-सूचीची रचना बघितली आज निवांत. त्यांच्याकडे रचना वेगळी आणि रेकॉर्डिंग वेगळं, आणि दोघांना जोडताना लाइव्ह, कव्हर, मेडली, पार्शल (अर्धवट) अशा खुणा लावता येतात. ही कल्पना फार चांगली आहे, मी तीच घेतली, गाण्यांची एक शीट आणि तुकड्यांची दुसरी शीट, मधे जोडणी. पण त्यांचं पार्शल म्हणजे नुसती टिक. कोणता भाग आणि का, ते आपलं आपणच ठेवायचं. आणि माझ्या गाण्यांच्या शीटमध्ये आता शब्द + चाल मिळून एक ओळ. 'प्रेम सेवा शरण'च्या दोन ओळी झाल्या, एकमेकींना 'तेच शब्द' म्हणून बांधलेल्या.

हे करताना आधीच्या ११० नोंदी परत लिहाव्या लागल्या. रात्री दीड वाजला. पण हे आत्ता केलं नसतं तर ४०० नोंदी झाल्यावर केलं असतं.

१ जून, रविवार

कॅसेट १७. यावर वेगळं लिहायलाच पाहिजे.

मोठ्या बाई आहेत, मामाच्या कार्डांवर सगळ्यात जास्त वेळा त्याच, मी शीटमध्ये 'गायिका ३' ठेवलंय, घरच्यांना विचारल्याशिवाय नाव घालायचं नाही. भैरवीने शेवट, 'अवघा रंग एक झाला'. सोयराबाईंचा अभंग. संथ लय, प्रत्येक कडव्याला सरासरी पन्नास-पंचावन्न सेकंद, मी घड्याळ लावून मोजलं. बाजू अ तिसऱ्या कडव्यात संपते, 'नाही भेदाचे ते' आणि खट्. मामाचा दबका आवाज, "संपली गं". बाजू ब सुरू होते ती 'पाहते पाहणे गेले दूरी'वर, म्हणजे थेट शेवटचं कडवं, चोखियाची महारी म्हणून नाममुद्रा येते तिथे.

मधलं तिसऱ्याचं उरलेलं आणि चौथं, 'देही असुनी तू विदेही', टेपवर नाही.

आता विचार करा. कॅसेट काढून उलटी घालून परत बटण दाबायला मामासारख्या माणसाला दहा-पंधरा सेकंद, दोन्ही टोकांची कोरी पट्टी धरून जास्तीत जास्त पंचवीस. तिसऱ्या कडव्याची उरलेली ओळच वीस-पंचवीस सेकंद खाते. मग चौथं कडवं, पूर्ण पन्नास सेकंदांचं, बसतं कुठे? एकतर बाईंनी ते गायलंच नाही, म्हणजे कारण 'गा'. नाहीतर मामाला उलटायला उशीर झाला, म्हणजे 'टे'. दोन्हीचा अर्थ अगदी वेगळा आहे.

अभंगात मधली कडवी गाळणं नेहमीचंच, पण नाममुद्रेचं कडवं सहसा कुणी सोडत नाही, तो मान असतो. म्हणजे बाईंनी शेवटचं घेतलं यातून काहीच सिद्ध होत नाही.

सध्या 'न'.

८ जून, रविवार

तबलजी काका आले होते. वय ७९. गायिका ३ ला कितीतरी वर्षं त्यांचीच साथ. त्यांना हेडफोन दिला तर नको म्हणाले, स्पीकरवर लाव. कॅसेट १७ लावली. ऐकताना बोटं मांडीवर चालूच.

"काका, हे चौथं कडवं बाईंनी घेतलं होतं का, आठवतंय का तुम्हाला?"

"अगं, त्या चौथं कधीच घेत नव्हत्या. तिसऱ्यावरून उडी. मला खूण असायची, मान अशी करायच्या, की मी समजायचो आता शेवटचं."

एवढं ठाम. मी लगेच 'गा' करणार होते, मग थांबले, आणि एक रकाना वाढवला: 'कशावरून'. टेपवरून, कार्डावरून, की कुणी सांगितलं म्हणून. काकांचं सांगणं मोलाचं आहे, पण ते टेपवर ऐकू येत नाही, वाचणाऱ्याला हा फरक दिसला पाहिजे. लिहिलं: 'गा, साथीदाराच्या सांगण्यावरून, ८-६-२५.'

जाताना म्हणाले, "लग्गी नीट आलीय की रे देवा", म्हणजे तबल्यावरचं ते जलद वाजवणं, आणि परत तेवढा तुकडा लावायला सांगितला. तीनदा ऐकला.

१५ जून

कॅसेट २९, पुन्हा गायिका ३, पुन्हा 'अवघा रंग', यावेळी पूर्ण एकाच बाजूवर, अखंड. चौथं कडवं नाही. तिसऱ्यावरून सरळ पाचवं. काकांचं बरोबर निघालं, फोन करून सांगितलं, खूश झाले.

बाकी आज पाच कॅसेटी, फारसं काही अडलं नाही. एका बुवांनी एका अभंगाच्या मधे दुसऱ्याच अभंगाची एक ओळ घातली आणि परत आले, अशा ओळीला 'उसनी ओळ' म्हणून मुख्य नोंदीखाली शेरा, स्वतंत्र क्रमांक नाही. दोन ओळींच्या पुढे गेलं, ठेका बदलला, की मग क्रमांक. सीमा कुठेतरी आखावी लागते, मी ठेक्यावर आखली, कारण ठेका बदलला की साथीदारांनीही ते नवं गाणं मानलेलं असतं.

२० जून

पालख्या निघाल्यात, सगळीकडे अभंगच. संध्याकाळी कॅसेट ३३ लावली. कार्ड: "आषाढी, देवळात, माणसं फार." गायिका ३. शेवटी 'अवघा रंग'.

पहिलं. दुसरं. तिसरं. आणि मग, न थांबता, 'देही असुनी तू विदेही'.

पूर्ण गायलं. नुसतं गायलं नाही, तीन वेळा फिरून आल्या त्या ओळीवर, आणि तबला अगदी हळू, वाट देत. तबला काकांचाच, कार्डावर त्यांचं नाव आहे. मी उठून उभी राहिले होते ऐकताना.

२२ जून, रविवार

काकांना कॅसेट ३३ ऐकवली. खूप वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "देवळात होतं ना, म्हणून घेतलं असेल." नंतर म्हणाले, "मला हे आठवत कसं नाही."

मी म्हटलं, "काका, तुम्ही वाजवलंय किती सुंदर." ते म्हणाले, "ते ऐकू येतंय."

त्यांचं 'कधीच' आता टिकत नाही. २९ वर गाळलंय, ३३ वर घेतलंय, म्हणजे बाई कधी घ्यायच्या, कधी नाही. १७ कोणत्या प्रकारातली, हे टेप सांगू शकत नाही. मामा सांगू शकला असता. १७ च्या कार्डावर फक्त "गणपती, सातवा दिवस" आहे, देऊळ की मंडप तेही नाही.

काकांना विचारलं की तुमचं सांगणं नोंदीतून काढू का. नको म्हणाले, राहू दे, पण हेही लिही.

कॅसेट १७, अंतिम नोंद अशी:

शब्द: सोयराबाई. चाल: भैरवी, कुणाची ते नक्की नाही. आजचा आवाज: गायिका ३. कोणता भाग: कडवं १, २, ३ (अर्धं), ५. तिसऱ्याचा उत्तरार्ध: टे. चौथं: न. कशावरून: बाजू बदलताना खंड, अंदाजे १५ ते २५ सेकंद, उशीर झाला असल्यास जास्त. साथीदार म्हणतात गायिका हे कडवं घेत नसत (८-६-२५). कॅसेट २९ वर घेतलेलं नाही. कॅसेट ३३ वर घेतलंय, तीच साथ (२२-६-२५).

२९ जून

३४ ते ३८ झाल्या. ३९ ची पट्टी आत गुंडाळली गेलीय, स्क्रूवाली कॅसेट आहे, उघडून दुसऱ्या कवचात घालावी लागेल, त्याचं सामान बुधवारी येईल. ३९ च्या कार्डावर "गणपती, सातवा दिवस, भाग २" आहे, अक्षर आणि शाई १७ सारखीच.